जगाची कादंबरी मंठाळच्या ओसरीवर

गेल्या वर्षी बी. ए. च्या पहिल्या वर्गात कादंबरी या वाङ्मयप्रकाराविषयी बोलत असता एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, भाषांतर वाचणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातले उष्टे खाणे नव्हे का? ज्याला इंग्रजी येते त्यानेच ती पुस्तके वाचावीत." वर्ग हसला. मीही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण ते उत्तर माझे मलाच पटले नाही. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाच्या घरी मराठी बोलतात, त्याचे सारे शिक्षण कन्नड माध्यमातून झालेले आहे आणि बाजारात तो दखनी उर्दूतून घासाघीस करतो. सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तो भाषांतरच करीत असतो. असे असून पुस्तकाच्या बाबतीत मात्र त्याला भाषांतर उष्टे वाटावे, याचा अर्थ लावण्याचा प्रयत्न मी या लेखात करणार आहे. वर्गात द्यावयाचे राहून गेलेले ते उत्तर आहे असे समजावे.

माझे स्वतःचे म्हणाल तर जगातील कादंबरीशी माझी ओळख झाली ती उमरग्याच्या मामांमुळे. मामा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या घरी दिवळीत काही आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत काही, अशी पुस्तके असत. उन्हाळ्याच्या सुटीत मंठाळहून मी त्यांच्याकडे जाई. दुपारी बाहेर पाऊल टाकवत नसे, म्हणून ट्रंक उघडली जाई. १९८६ च्या सुटीत त्या ट्रंकेत मला 'रान' नावाचे पुस्तक सापडले. मुखपृष्ठ फाटलेले होते. आपल्याकडच्याच कुठल्या तरी रानाची गोष्ट असेल असे समजून मी वाचावयास घेतले. दोन पाने वाचली आणि चमकलो. ऊन जमिनीवर पोहोचू नये इतके दाट अरण्य, त्यात शिकारीच्या मागे हिंडणारा बाप आणि त्याच्यामागे फरपटत जाणारे कुटुंब. नावे सगळी परकी. पुस्तक अमेरिकेचे होते. कॉनरॅड रिक्टर या लेखकाने १९४० साली लिहिलेले, आणि मराठीत आणले होते जी. ए. कुलकर्णी यांनी.

जी. ए. हे नाव त्या वयात मला ठाऊक नव्हते. पुढे कळले की मराठीतील हा थोर कथाकार बेळगावकडचा असून त्यांनी हयातीतील बरीच वर्षे धारवाडला इंग्रजीचे अध्यापन केले. भोवती कन्नड, शिकवायचे इंग्रजी आणि लिहायचे मराठी! आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे चित्र काही अनोळखी वाटू नये. १९६० च्या दशकात त्यांनी रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. 'रान' नंतर 'शिवार' आणि 'गाव' अशी ती कथात्रयी आहे. सेवर्ड ही शिकाऱ्याची थोरली मुलगी. आई वारल्यावर धाकट्या भावंडांना तीच सांभाळते, बाप निघून गेल्यावर त्याच रानात पाय रोवून राहते, लग्न करते, झाडे तोडून जमीन उघडी करते, पेरते. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या जागी गजबजलेले गाव उभे राहते. म्हातारपणी मात्र जी झाडे तिने वैऱ्यासारखी तोडली त्यांच्यासाठीच तिचा जीव तुटतो. या मालिकेतील तिसऱ्या कादंबरीला १९५१ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आता या तीन नावांकडे नीट पाहा. भाषांतर म्हणजे काय हे समजावून सांगण्यास मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. मूळ इंग्रजी नावे आहेत 'द ट्रीज', 'द फील्ड्स' आणि 'द टाउन'. शब्दकोश समोर ठेवून बसले तर 'झाडे', 'शेते' आणि 'शहर' अशी नावे होतील. चूक एकही नाही, पण जीवही एकात नाही. झाडे तर आपल्या परड्यातही चार असतात. 'रान' म्हटले की वाट चुकण्याची भीती त्यात येते. 'शेत' एकाच्या मालकीचे असते. 'शिवार' म्हटले की साऱ्या गावची जमीन, बांध, ओढा, पाणंद हे सगळे डोळ्यांपुढे उभे राहते. 'टाउन'चे 'शहर' न करता 'गाव' केले यात तर मला सर्वांत मोठी समज दिसते. कारण ती वस्ती कितीही वाढली तरी सेवर्डच्या दृष्टीने ते तिने वसवलेले गावच आहे. आपणही "तुमचे गाव कोणते?" असेच विचारतो, कोणी मुंबईचा असला तरी.

कन्नड विभागाच्या वाचकांसाठी एक गंमत सांगतो. हीच नावे कन्नडमध्ये करावयाची झाली तर 'काडु', 'होल' आणि 'ऊरु' अशी सहज होतील. त्यातला 'ऊरु' तर आपल्या 'गाव' या शब्दाचा सख्खा भाऊ शोभतो. 'शिवार'साठी 'होल' मात्र किंचित अपुरा पडतो असे मला वाटते. माझे कन्नडचे सहकारी यावर वाद घालतील. त्यांनी तो जरूर घालावा.

तेव्हा भाषांतर हे उष्टे अन्न नव्हे. बी बाहेरचे असले तरी ज्वारी आपल्या जमिनीत उगवते, आणि जमिनीचा गुण तिच्या दाण्यात उतरतोच.

त्याच ट्रंकेतले दुसरे पुस्तक म्हणजे पु. ल. देशपांडे यांचे 'एका कोळियाने'. अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. पुलंनी ती १९६५ साली मराठीत आणली. येथेही नावापासूनच सुरुवात करावी लागते. मराठीत 'कोळी' म्हणजे मासे धरणाराही आणि जाळे विणणारा किडाही. पडत-झडत पुन्हा जाळे बांधणाऱ्या कोळ्याची कविता पूर्वी शाळेतल्या मुलांना पाठ असे. पुलंनी तिचेच पहिले दोन शब्द उचलून चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेल्या क्यूबातील म्हाताऱ्याला नाव म्हणून दिले. मूळ इंग्रजीत हा श्लेष नाही. कन्नडमध्येही तो साधणार नाही, कारण तिकडे 'जेड' वेगळा आणि 'बेस्त' वेगळा. भाषांतरात नेहमी काहीतरी हरवते असे सारेच म्हणतात. येथे मुळात नसलेले काहीतरी मिळाले आहे, तेही पाहावे.

हे पुस्तक मी मंठाळला घेऊन आलो. आमच्या अण्णांना सहीपुरतेच अक्षर येत असे, पण ऐकण्याची आवड दांडगी. पोथी ऐकण्याची सवय असल्यामुळे कोणी वाचावे आणि आपण ऐकावे यात त्यांना कमीपणा वाटत नसे. जेवणे झाली की ओसरीवर मी वाचीत असे आणि अण्णा भिंतीला टेकून ऐकत. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना ठाऊक असलेले मोठ्यात मोठे पाणी म्हणजे बसवकल्याणचे त्रिपुरांत तळे. पहिल्या रात्री त्यांनी विचारले, "त्या पाण्याला पल्याडचा काठ दिसत नाही म्हणतोस?" मी नाही म्हणालो. "मग त्यो म्हातारा येडाच हाय," असे म्हणून ते उठले. दुसऱ्या रात्री मात्र स्वतःच पुस्तक मागून घेतले आणि माझ्या हातात दिले.

म्हाताऱ्याच्या गळाला प्रचंड मासा लागतो. दोन दिवस दोन रात्री झुंजून तो त्याला मारतो, होडीला बांधतो, आणि परतीच्या वाटेवर शार्क मासे त्याचे लचके तोडून नेतात. किनाऱ्याला लागतो तो नुसता सांगाडा. हा भाग वाचून झाला त्या रात्री अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी गोठ्यात शेण काढताना एकदम म्हणाले, "तुरीला अळी लागली त्या साली आपलं असंच झालतं. झाड उभं, शेंगात दाणा नाही." आणि थोड्या वेळाने, "मुंडकं कुणी नेलं रे त्या माशाचं? त्याचं तरी चार पैसे झालं असतील." मला सांगता येईना. मी पुस्तक उघडून पुन्हा शोधले. उत्तर पुस्तकात आहे. माशाचे डोके पेद्रिको नावाच्या माणसाला द्यावे, तो ते मासे धरण्याच्या पिंजऱ्यासाठी वापरील, असे म्हातारा सांगतो. परीक्षेसाठी हे पुस्तक वाचणाऱ्या कितीजणांच्या ध्यानात ही ओळ राहते? माझ्या तर राहिली नव्हती.

हेमिंग्वे यांना १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले हे अण्णांना कळले असते तरी फरक पडला नसता. पण पुलंनी हे पुस्तक मराठीत आणले नसते तर हवानाजवळच्या कोळ्याच्या आणि मंठाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नुकसानीचा हिशेब एका ओसरीवर झाला नसता, हे मात्र खरे.

प्रत्येक भाषांतर असे उतरते असे माझे म्हणणे नाही. पुढे मी अण्णांना आणखी एक अनुवादित कादंबरी वाचून दाखवू लागलो. तिच्यातली माणसे दर पानाला 'खांदे उडवीत' होती. अण्णांनी दोनदा सहन केले, तिसऱ्यांदा विचारले, "खांदे उडवायला ती पाखरं हैत का?" 'मला काय त्याचे' हे सांगण्यासाठी तिकडची माणसे खांदे वर करतात, आपल्याकडे माणूस हात झटकतो किंवा नुसते तोंड फिरवतो. अनुवादकाने शब्द आणला, माणूस तिकडेच राहिला. दुसरा दोष याच्या उलट प्रकारचा. अमेरिकेतला गुराखी, रशियातला शेतमजूर आणि पॅरिसचा चोर, तिघेही पुण्याच्या सदाशिव पेठेतली मराठी बोलतात. बीदरकडची, लातूरकडची बोली अनुवादात आली की ती विनोदासाठीच, असा एक समज आहे. तो कधी जाईल तेव्हा जावो.

आपल्याकडे ही परंपरा केव्हापासूनची, असे विद्यार्थी विचारतात. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरेबियन नाइट्स'च्या गोष्टी मराठीत आणावयास घेतल्या आणि पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते काम चालविले. त्या गोष्टी अरबी, पण आल्या इंग्रजीवरून. हाच पुढे राजमार्ग झाला. फ्रेंच असो, रशियन असो की जपानी, बहुतेक परदेशी कादंबरी इंग्रजीच्या दारातूनच मराठीत शिरली. म्हणजे दोनदा गाळलेले पाणी. कित्येकदा तर अनुवाद न करता रूपांतर किंवा सारकथन केले जाई. साने गुरुजींची 'दुःखी' ही व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझराब्ल' या प्रचंड कादंबरीवर आधारलेली आहे. ती ह्यूगोची आहे तितकीच गुरुजींची आहे. शांता शेळके यांची 'चौघीजणी' मात्र लुइसा मे अल्कॉट यांच्या चार बहिणींना त्यांच्या घरातच ठेवते आणि तरीही त्या आपल्या वाटतात.

थोडे मागे गेलो तर आपल्या पायाखालीच पुरावा आहे. पैठणच्या सातवाहन दरबाराशी जिचा संबंध सांगतात ती गुणाढ्याची 'बृहत्कथा' पैशाची भाषेत होती. तिचे मूळ नष्ट झाले. सोमदेवाने आणि क्षेमेंद्राने संस्कृतात आणली म्हणून ती कथा आज आपणास माहीत आहे. मुळाचाच आग्रह धरणाऱ्यांनी येथे काय करावे? ज्या चालुक्य घराण्याने पुढे कल्याणला राजधानी केली, त्याच घराण्यातील जयसिंहाच्या पदरी असलेल्या दुर्गसिंहाने अकराव्या शतकात 'पंचतंत्र' कन्नडमध्ये आणले. बसवकल्याणच्या किल्ल्यावर सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी तोफांबरोबर याचीही आठवण ठेवावी.

मामांच्या ट्रंकेत तिसरा गठ्ठा होता तो रशियन पुस्तकांचा. मॉस्कोत छापलेली ही मराठी पुस्तके मजबूत बांधणीची आणि किमतीने इतकी स्वस्त असत की आमच्यासारख्यांनाही ती विकत घेता येत. गॉर्कीची 'आई' मी तशीच वाचली. सोव्हिएत राष्ट्र तेव्हा भारतीय भाषांतून पुस्तके छापून पाठवीत होते आणि अमेरिकाही आपली पुस्तके आपल्या भाषांतून निघावीत म्हणून पैसा पुरवीत होती. दोघांचा हेतू काही निव्वळ साहित्यसेवेचा नव्हता. आमच्या शेल्फावर कोण येणार हे फार दूर ठरत होते, आणि म्हणूनच आफ्रिका, दक्षिण अमेरिका, किंबहुना शेजारचा ब्रह्मदेशसुद्धा तेथे नव्हता. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि ती स्वस्त पुस्तके येणे बंद झाले. तरीही त्या भांडणाचा फायदा आम्हांला झाला, हे कृतघ्न न होता कबूल केले पाहिजे.

आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी आहेत, पण एकमेकांची पुस्तके क्वचितच चाळतात. त्यांच्यासाठी एक प्रयोग सुचवितो. हेन्री शारियर या फ्रेंच कैद्याचे 'पॅपिलॉन' हे पुस्तक १९६९ साली निघाले. फ्रेंच गियानातल्या काळ्या पाण्यावरून पुनःपुन्हा पळून जाण्याची ती हकीकत. आत्मकथा म्हणून ते छापले गेले, परंतु त्यातील सर्वच प्रसंग लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यातले नसावेत असे जाणकारांचे मत आहे, म्हणून कादंबरीच्या गप्पांत त्याला जागा द्यावयास हरकत नाही. मराठीत ते रवींद्र गुर्जर यांनी आणले आणि अफाट खपले. कन्नडमध्ये ते प्रदीप केंजिगे आणि के. पी. पूर्णचंद्र तेजस्वी यांनी आणले. तिकडेही तरुणांनी ते डोक्यावर घेतले. पॅपिलॉन म्हणजे फुलपाखरू. पण मराठीत त्याचे 'फुलपाखरू' झाले नाही की कन्नडमध्ये 'चिट्टे' झाले नाही. ते त्या कैद्याचे टोपणनाव आहे, म्हणून दोघांनी ते तसेच ठेवले. 'रान', 'शिवार'चा नियम येथे लागू पडत नाही. काय बदलावे आणि काय हात न लावता ठेवावे, हे कळणे हीच या कामातली खरी विद्या. ज्यांना दोन्ही लिप्या येतात त्यांनी एकच प्रकरण दोन्हीकडे वाचून पाहावे. असे वाचक पुण्यात शोधावे लागतील; आपल्या वसतिगृहात प्रत्येक खोलीत एक तरी सापडेल.

कन्नडमधून मराठीत येणारे दार तर आपल्या अंगणातच उघडते. एस. एल. भैरप्पा यांच्या 'वंशवृक्ष'च्या मराठी अनुवादासाठी उमा कुलकर्णी यांना १९८९ चे साहित्य अकादमीचे अनुवाद पारितोषिक मिळाले. त्यांची रीत ऐकण्यासारखी आहे. पती विरुपाक्ष यांनी कन्नड मजकूर वाचावयाचा आणि उमाताईंनी तो ऐकून मराठीत लिहावयाचा. विरुपाक्ष स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करीत. असे संसार आपल्या तालुक्यात घरोघर आहेत. कागद-लेखणी घेऊन बसलेले तेवढे कमी.

आणि आता उलटा प्रवास पाहा. हासनच्या बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा दीपा भास्ती यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'हार्ट लॅम्प' या नावाने निघाला आणि २०२५ साली त्याला आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. कथासंग्रहाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते, हे मला विशेष वाटते. दीपा भास्ती यांनी कन्नड आणि उर्दू शब्द इंग्रजीत तसेच राहू दिले. तिरप्या ठशाची कुबडी किंवा तळटीप दिली नाही. लंडनच्या वाचकाने थोडे अडखळावे, आपण नाही का अडखळलो? आपल्या गल्लीत जी दखनी कानावर पडते तिच्या जवळची बोली त्या कथांमधल्या घरांत आहे. ते पुस्तक इंग्रजीत वाचताना मला पुष्कळ ठिकाणी शब्दार्थ शोधावा लागला नाही, आणि इंग्रजी पुस्तकाच्या बाबतीत असे माझे प्रथमच झाले.

आता थोडे कामाचे. अनुवादित पुस्तक हाती घेतले की मुखपृष्ठावर न थांबता आतले पान उलटावे. मूळ पुस्तकाचे नाव, मूळ भाषा, अनुवाद थेट की इंग्रजीवरून, पूर्ण की संक्षिप्त, हे तेथे दिलेले असते. दिले नसेल तर प्रकाशकाची ती लबाडी समजावी. अनुवादकाचे नाव वहीत लिहून ठेवावे. मी ज्या एका वाचनालयाचा सभासद होतो तेथे नोंदवहीत 'रान' पुढे लेखक म्हणून केवळ रिक्टर यांचे नाव होते. मी सांगितले तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "जागा एकाच नावापुरती आहे." मी पेन्सिलीने जी. ए. असे बारीक अक्षरात लिहिले. ते खोडले गेले. पुन्हा लिहिले.

तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी नंतर मला भेटला. मी त्याला माझ्या जवळचे 'रान' दिले. मराठी त्याला बोलता येते, वाचताना मात्र जोडाक्षरांशी अडतो. म्हणून पुस्तक परत यावयास दोन महिने लागले. पानांच्या कडेला पेन्सिलीने कन्नड अक्षरांत शब्द लिहिलेले होते. पहिल्याच पानावर 'काडु'. एका ठिकाणी त्याने मराठी शब्दाखाली रेघ ओढून प्रश्नचिन्ह काढले होते आणि पुढे आपल्या आजीचा त्यासाठीचा शब्द लिहिला होता. तो शब्द जी. एं. च्या शब्दापेक्षा मला अधिक आवडला, असे मी त्याला सांगून टाकले. पुस्तकावर लिहू नये हे सांगावयाचे राहून गेले. नंतर तो 'शिवार' घेऊन गेला, ते पंधरा दिवसांत परत आले. 'गाव' अजून त्याच्याकडेच आहे. त्याची आजी ऐकते आहे म्हणतो.